निजलेल्या सभासदाला उठवू नये

देव माणसाला एकेक देणगी देतो. कुणाला गळा देतो, कुणाला हातात कसब देतो, कुणाला दुसऱ्याच्या भांडणात पडायची हौस देतो. लोणझरीच्या साखराबाईला त्यानं झोप दिली होती. अस्सल, घट्ट, तळाशी जाऊन बसणारी झोप. मात्र देताना त्यानं एक खोडी करून ठेवली. झोप दिली आणि ती घ्यायला सवड दिली नाही.

दसरा झाला की साखराबाई आणि तिचा नवरा म्हाळू बैलगाडी जुंपून ऊस तोडायला जायचे. मुकादम नेईल तिकडं. फडाच्या कडेला पाचटाची कोपी, म्हणजे खोपट, उभी करायची आणि रात्री तिच्यात अंग टाकायचं. डोळा लागतो न लागतो तोच मुकादमाची हाळी यायची, "उठा, उठा, गाडी भरायचीय!" कधी उसाची मोळी डोक्यावर असताना, चालता चालता, तिला झोप लागायची आणि पाय आपले आपण गाडीपर्यंत जायचे. सहा महिने 'ऊठ' हा एकच शब्द ऐकून तिला त्या शब्दाचाच राग आला होता. गावी पहाटे देवळात देवाला जागं करायला लागले, की ही देवाची बाजू घ्यायची. म्हणायची, "निजू द्या की बापड्याला. त्याला कुठं उसाला जायचंय?"

गळीत संपलं की दोघं परत यायची, आणि चैत्र-वैशाखाचे ते दोन महिने साखराबाईचे असायचे. पहिले काही दिवस ती कुणाला दिसायचीसुद्धा नाही. दुपारी भाकरी खायची, सारवलेल्या भुईवर पाण्याचा हबका मारायची, दाराला ओलं गोणपाट टांगायची, पदर भिजवून तोंडावर घ्यायची आणि उशाला वीट घेऊन निजायची. अंगाखाली वाकळसुद्धा नाही, कारण भुईच गार. बाहेर कावळा चोच उघडी टाकून धापा टाकतोय, आणि आत ही अशी निजलेली, की दंडावरून मुंगळा गेला तर त्याला वाटावं आपण बांधावरून चाललोय.

हे सगळं जमायचं ते माळवदामुळं. माळवद म्हणजे मातीचं छत. खाली लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर तरवडाचा पाला आणि वर हातभर पांढरी माती. भिंती अशा जाड, की कोनाड्यात मांजर वितं आणि घराला पत्ता लागत नाही. एकच बुटकं दार. खिडकी नाही. धूर जायला छतात एक भोक, त्याला साणं म्हणतात. एके काळी सगळ्या लोणझरीला अशीच घरं होती. मग घरकुलं आली, स्लॅब आले. सोयरीक करायला येणारे पाहुणे आधी वर छताकडं बघायचे आणि मग मुलाकडं. बघता बघता गावानं माळवदं पाडून टाकली. साखराबाईचं तेवढं राहिलं, आणि तेही काही तिच्या शहाणपणामुळं नव्हे. घरकुलाची पाहणी करणारे साहेब लोक थंडीत यायचे आणि थंडीत ही उसात असायची. दाराला कुलूप बघून ते पुढं जायचे. सुधारणा अशी दर साली तिच्या दारावरून परत गेली.

मग ते दुष्काळाचं साल आलं. आधीच्या दोन सालांनीही पाठ फिरवली होती, पण या सालानं तोंडच काळं केलं. नदी नव्हती, ओढा नव्हता, झाडाला पान नव्हतं. जनावरं पाली गावाकडच्या चारा-छावणीत गेली. म्हाळूही बैलांच्या मागं गेला. तिथं बैलांना पेंड मिळायची आणि म्हाळूला गप्पा, त्यामुळं दोघांचंही बरं चाललं होतं.

गावात मात्र स्लॅबखाली माणसं शिजायला लागली. दुपारी स्लॅबवर हात ठेवला तर फोड यावा. कुणी वर चुना फासला, कुणी पाचट पसरलं. ते पाचट एका दुपारी पेटलं. कूलर होते, पण कूलरला पाणी लागतं, आणि टँकर यायचा तो पिण्यापुरताच. कोरडा कूलर लावला की तो चुलीतला वारा अंगावर फेकायचा. पुरुषमाणसं ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा घेऊन हिंडत होती. सगळ्यात मोठा प्रयोग केला तो आबासाहेबांनी.

आबासाहेब म्हणजे लोणझरी सहकारी दूध संस्थेचे चेअरमन. जनावरं छावणीत गेल्यामुळं संस्थेत दुधाचा थेंब येत नव्हता, पण चेअरमन होते, संचालक मंडळ होतं, सचिव रामहरी होता, त्याची शिट्टी होती, काट्यापासून कॅनपर्यंत सगळं होतं. दूध थंड करायची मोठी टाकी रिकामी पडली होती. आबासाहेब एका दुपारी त्या टाकीत उतरून निजले. वीज असली की आत गारठून जायचे, गेली की भाजून निघायचे. दोन्हींच्या मधली वीज लोणझरीला कधी आलीच नाही. चौथ्या दिवशी ते शिंकत शिंकत बाहेर आले आणि म्हणाले, टाकी दुधासाठीच बरी.

इकडं साखराबाई गार भुईवर सुखानं निजत होती. एका दुपारी शेजारची सिंधुबाई लेकराला काखेला मारून दारात आली.

"साखरे, जरा टेकू का गं? आमच्या स्लॅबखाली लेकरू उकडायलंय."

"टेक की माय. त्यात काय इचारायचं?" साखराबाई म्हणाली आणि सरकून निजली.

भीड ही भिकेची बहीण, असं जुनी माणसं सांगून गेली आहेत. पण ती माणसंही दारात आलेल्याला परत पाठवत नसत, म्हणून तर त्यांना ते कळलं. दुसऱ्या दिवशी सिंधुबाईनं सासूला आणलं. तिसऱ्या दिवशी सासूनं आपल्या बहिणीला आणलं. मग दीर आले, जावा आल्या, सोयरे आले, आणि आठवडा संपायच्या आत अशी गत झाली की साखराबाई भांडी घासून आत यावी तर निजायला भुईच शिल्लक नाही. रांजणाजवळची जागा सगळ्यात गार. त्या जागेवरून सिंधुबाईची सासू आणि एक म्हातारे पैलवान यांची अशी जुंपली, की भांडण मिटवायला आबासाहेबांना बोलावणं गेलं.

आबासाहेब घामानं निथळत आले आणि वाकून दारातून आत शिरले. तो गारवा त्यांच्या मानेवरून पाठीत उतरला. भांडण काय होतं हे ते विसरून गेले. बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि मग गहिवरून बोलले,

"ही काय एकट्या-दुकट्यानं सांभाळायची वस्तू न्हाई. ही गावाची ठेव हाय."

"घर माहं हाय की, आबासाहेब," साखराबाई म्हणाली.

"तेच तर म्हणायलोय मी. तुमचं हाय, म्हणजे गावाचंच हाय."

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, आणि दुधाविना बसलेलं संचालक मंडळ तर न्हाव्यापेक्षा वाईट. चार दिवसांत सभा झाली, सूचक उभा राहिला, अनुमोदक उभा राहिला, आणि दूध संस्थेचा नवा 'शीतल निद्रा विभाग' साखराबाईच्या घरात सुरू झाला. साखराबाईला सभासद करून घेतलं आणि तिचा जाहीर सत्कार केला. नारळ दिला आणि शाल पांघरली. वैशाखाची दुपार, लोकरीची शाल, आणि टाळ्या थांबेपर्यंत ती काढायची नाही असा रिवाज. साखराबाईला भोवळ यायला लागली. लोक म्हणाले, बाई भारावून गेली.

आता संस्था म्हटली की पद्धतशीर कारभार आला. पाळ्या ठरल्या. पाळी संपली की रामहरी शिट्टी वाजवायचा. पण रामहरीचा जन्म दुधात गेलेला. सगळ्या झोपा सारख्याच धरायच्या हे त्याच्या बुद्धीला पटेना.

"आबासाहेब," तो म्हणाला, "गाईच्या अन् म्हशीच्या दुधाला आपण एकच माप लावतो का? न्हाई. फॅट बघतो. मग झोपंला फॅट कावून नको?"

सगळ्या मंडळाला हे पटलं. पटणारच. आयुष्यभर त्यांनी दुसरं मोजलंच काय होतं? ठरलं असं, की जो घोरतो त्याची झोप म्हशीची, दाट. ती थोडक्यात पोटभर होते, म्हणून त्याला वेळ कमी. जो घोरत नाही त्याची झोप गाईची, पातळ, त्याला वेळ जास्त. दुसऱ्याच दिवसापासून गावातली माणसं तोंडाला उपरणं बांधून निजायला लागली. नवरा घोरला की बायको चिमटा काढायची. म्हातारे पैलवान तर घोरणं आवरायला जागेच राहायचे आणि जागेपणी चार पाळ्या भोगून जायचे. शेवटी झोपेत भेसळ होतेय अशी तक्रार आली. तेव्हापासून रामहरी दूध तपासायची काचेची नळी घेऊन हिंडायचा आणि निजलेल्यांच्या तळपायाला हळूच लावून बघायचा. पाय हलला की भेसळ.

एकदा ती नळी आबासाहेबांच्या तळपायाला लागली. ते दचकून उठले आणि त्याच पावली सभा बोलावून त्यांनी पोटनियम करून घेतला, की निजलेल्या सभासदाला कुणीही, कोणत्याही कारणानं, उठवू नये. उठवील त्याचं सभासदत्व रद्द. मग शिट्टीचं काय? तर शिट्टी ही वेळेला वाजते, माणसाला वाजत नाही, असा खुलासा रामहरीनं केला आणि तोही मंजूर झाला.

या सगळ्यात साखराबाई कुठं होती? ती दारात होती. घर तिचं, म्हणून घराची व्यवस्था तिची, असं ठरलं होतं. गोणपाट वाळलं की भिजवायचं, दोन पाळ्यांच्या मधे भुईवर हबका मारायचा, संस्थेच्या दुधाच्या कॅनमधे पाणी भरून ठेवायचं. ते पाणी आणायला पहाटे टँकरच्या रांगेत उभं राहायचं. तिची पाळी सगळ्यांच्या शेवटी लावली होती. ती येईपर्यंत दिवस मावळायचा, घर माणसांच्या उच्छ्वासानं उबलेलं असायचं आणि चूल पेटवायची वेळ झालेली असायची. रात्री निजावं, तर दिवसभर निजलेलं अख्खं गाव रात्री टक्क जागं. ते तिच्याच अंगणात येऊन बसायचं. पत्ते, भजन, राजकारण. वर "साखराबाई, जरा चहा टाका की," हे होतंच.

एका दुपारी ती गोणपाट भिजवायला आत डोकावली. सिंधुबाई रांजणाजवळ पसरली होती. तिचं लेकरू साखराबाईच्या विटेवर डोकं ठेवून निजलं होतं. तुळईखाली आबासाहेब, कोनाड्याखाली रामहरी. सगळ्यांची पोटं संथपणे वर-खाली होत होती. साखराबाई गोणपाट हातात धरून तशीच उभी राहिली आणि तिला असा संताप आला, की डोळ्यांतून पाणी आलं. मृग लागला की लोकांच्या रानात खुरपं धरायचं आणि दसऱ्याला परत कोयता घेऊन निघायचं होतं. परत तेच, "उठा गं." मधले हे दोन महिने सोडले तर तिच्या हातात काहीच नव्हतं, आणि त्यातला एक महिना दुसऱ्यांनीच निजून घालवला होता.

पाळी संपल्यावर तिनं आबासाहेबांना गाठलं.

"आबासाहेब, मला एक दिस माह्या घरात निजू द्या. एकच दिस. मधी कुणी उठवायचं न्हाई."

"मागणी रास्त हाय," आबासाहेब म्हणाले. "लई रास्त हाय. पण ती विषयपत्रिकेवर न्हाई."

"मग घ्या की."

"ऐनवेळच्या विषयात घेऊ."

ऐनवेळचे विषय सभेत सगळ्यात शेवटी असतात. आणि सभा भरायची ती साखराबाईच्याच घरात, गारव्याला. शेवटच्या विषयापर्यंत सगळं मंडळ निजलेलं असायचं, आणि निजलेल्या सभासदाला उठवू नये हा तर नियमच. असं तीनदा झालं. छावणीतल्या म्हाळूला तिनं फोन लावला, तर तो म्हणाला, "अगं, तू बी छावणीत ये. बैलं निजू देतेत." नवऱ्याचं हे बोलणं थट्टेचं होतं की खरं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग वार्षिक सर्वसाधारण सभेचा दिवस आला. या विभागाची कीर्ती सिरसाळ्याच्या बाजारापर्यंत गेली होती, आणि बीडहून सहकार खात्याचे एक साहेब मुद्दाम बघायला येणार होते. सभा उरकून साहेबांना हार घालायला वेशीवर जायचं, असा बेत होता. घरटी एक माणूस आला. घर गच्च भरलं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आबासाहेब हार मांडीवर घेऊन मधोमध. साखराबाईला आत जागा उरली नाही म्हणून ती उंबऱ्यावर बसली, चौकटीला टेकून. आज काही झालं तरी ऐनवेळच्या विषयापर्यंत जागं राहायचं आणि मंडळालाही जागं ठेवायचं, असा तिचा निश्चय होता.

रामहरी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला उठला. त्याचा आवाज ताकातल्या रवीसारखा, एका लयीत घुमणारा. 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते असे ठरले की.' साखराबाईनं डोळे ताणले. मांडीला चिमटा घेतला. ओल्या गोणपाटातून झुळूक आली आणि मानेवरून गेली. 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन.' तिची मान एकदा खाली गेली, वर आली. परत गेली, ती आली नाही. सर्वानुमते ठरेपर्यंत साखराबाई चौकटीवरून सरकत सरकत उंबऱ्यावर आडवी झाली होती. डोकं एका बाजूला टेकलेलं, पाय दुसऱ्या बाजूला. दार पुरं अडलं होतं.

बाहेर लांबवर जीपचा हॉर्न वाजला.

"साहेब आले," आबासाहेब हार सावरत उठले आणि दारापर्यंत येऊन थबकले. "साखराबाई झोपल्यात."

"वलांडून चला," मागून कुणीतरी म्हणालं.

"काय बोलतो बे?" आबासाहेब वळले. "निजल्या बाईमाणसाला वलांडू?"

सगळ्या सभेनं माना डोलावल्या. ते खरंच होतं. निजलेल्या माणसाला ओलांडू नये, त्याचं आयुष्य तुटतं, हे लोणझरीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. त्यात बाई, त्यात दार असलं बुटकं की वाकूनच निघावं लागणार. आणि हे सगळं छावणीत म्हाळूच्या कानावर गेलं, तर त्याचा उसाचा कोयता घरातच होता, खुंटीला. सगळ्यांनी एकदा खुंटीकडं बघून घेतलं.

"मी हलवते तिला," सिंधुबाई पुढं झाली.

"सिंधुबाई!" रामहरी कुजबुजला. "हलवताना जाग आली तर? सभासदत्व रद्द होईल तुमचं."

सिंधुबाईनं हात मागं घेतला. स्लॅबखालची दुपार तिच्या डोळ्यांपुढून सरकली असणार.

"मग नियम रद्द करा की," म्हातारे पैलवान तोंडावरचं उपरणं सोडून म्हणाले.

"पोटनियम असा उठल्यासुटल्या रद्द होत न्हाई," रामहरी म्हणाला. "आगाऊ नोटीस काढावी लागते. बिगरनोटिशीचा ठराव कायद्यात टिकत न्हाई."

"मग शिट्टी वाजीव!" आबासाहेब म्हणाले. "शिट्टी वेळेला वाजते!"

रामहरीनं गालफडं फुगवून शिट्टी मारली. दोघा-तिघांचे कान गच्च झाले. साखराबाई फडात उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी वाजवणाऱ्या कर्ण्यांखाली निजलेली बाई. तिनं फक्त कूस बदलली आणि आधी जी बोटभर फट होती तीही भरून काढली.

जीप गल्लीत येऊन थांबली. आता आबासाहेबांची नजर वर साण्याकडं गेली. पाण्याचे दोन कॅन रिकामे करून एकावर एक ठेवले, चौघांनी धरले, आणि हार दातात धरून आबासाहेब चढले. डोकं गेलं, खांदे गेले, हात बाहेर निघाले. पोट अडकलं. ते ना वर जाईना ना खाली येईना. वरचे आबासाहेब उन्हात भाजत होते आणि खालचे गारव्यात होते.

साहेब जीपमधून उतरले आणि त्यांनी वर बघितलं. माळवदातून एक अर्धा माणूस उगवला होता आणि त्याच्या हातात झेंडूचा हार होता.

"नमस्कार साहेब," आबासाहेब कुजबुजले. "या."

"तिथं काय करताय?"

"वार्षिक सभा चालू हाय, साहेब. हळू बोला."

साहेब दारापाशी आले. उंबऱ्यावर एक बाई निजलेली. गोणपाट बाजूला करून त्यांनी आत बघितलं, तर अंधारात सगळं गाव दाटीवाटीनं उभं, आणि प्रत्येकाचं बोट ओठावर. छतातून दोन पाय लोंबत होते. साहेबांनी क्षणभर विचार केला, गोणपाट होतं तसं लावलं, चवड्यांवर चालत जीपपर्यंत गेले आणि जीपचं दार अलगद लावून निघून गेले. सरकारी माणसात एवढी समज लोणझरीनं त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"वर ढकला बे!" आबासाहेब कुजबुजत ओरडले. खालून चौघांनी खांदा लावला आणि जोर केला. फळी मोडली. दुसरी मोडली. तरवडाचा वाळला पाला आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पांढरी माती धाडकन सभेवर कोसळली. खोकायची सोय नव्हती. सगळे पदरात आणि उपरण्यात तोंड खुपसून आतल्या आत खोकले. धुरळा बसला तेव्हा माळवदाला म्हैस आत सोडता येईल एवढं भगदाड पडलं होतं आणि घराच्या मधोमध ऊन उभं होतं. मग एकेक करून गाव त्या भगदाडातून बाहेर निघालं. म्हाताऱ्या बायांना धोतराची झोळी करून वर ओढून घेतलं. शेवटी रामहरी निघाला, सगळे तापल्या भिंतीला पाठ घासत गल्लीत उतरले आणि सभा तहकूब झाली.

साखराबाईच्या अंगावर मातीचा थर बसला होता. ती निजलेलीच होती.

गावात अजून म्हणतात, की बाईनं सोंग घेतलं होतं. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असंही वर ऐकवतात. पण हे बोलणारे सगळे पाठीला भाजलेले लोक. ती खरोखर निजली होती. दिवस मावळला, उगवला, आणि चांगला वर आला तेव्हा तिचे डोळे उघडले. ती बराच वेळ तशीच पडून राहिली. कुणी हाळी दिली नव्हती. कुणी खांदा हलवला नव्हता. झोप पुरी झाली म्हणून जाग आली होती. हे असं असतं होय, असं तिला वाटलं. दुपारच्या झोपेलाही चुलीच्या वेळेचा धाक असायचा, त्यामुळं पंचेचाळीस वर्षांत तिला हे ठाऊकच नव्हतं. ती उठून बसली आणि मातीनं भरलेल्या पदरात तोंड घालून मनसोक्त रडली.

दुपारी पहिल्या पाळीचे लोक वाकळा घेऊन आले. रांजणाजवळच्या जागेवर ऊन पसरलं होतं. वरून झळा येत होत्या. सिंधुबाईची सासू म्हणाली, "हे तर आमच्या घरासारखंच झालं," आणि वाकळ उचलून परत गेली. तिच्यामागं बाकीचेही गेले. संध्याकाळी आबासाहेब आले. पाठ सोलवटलेली, म्हणून अंगात सदरा नव्हता.

"साखराबाई, चूक झाली. संस्था भरून देईल. उद्याच गडी लावतो. फळ्या टाकू, माती टाकू, पहिल्यासारखं गार करून देतो."

साखराबाईनं वर बघितलं. भगदाडातून मोकळं आभाळ दिसत होतं.

"नका लावू गडी," ती म्हणाली.

"अहो, पण दिवसभर ऊन येतंय की घरात!"

"येऊ द्या. ते एका कोपऱ्यात बसलं तर मी दुसऱ्या कोपऱ्यात निजंल. त्याला कुठं सभासद व्हायचंय?"

आबासाहेब सवयीनं 'ऐनवेळच्या विषयात घेऊ' असं पुटपुटले. ते गेले. दुसऱ्या दिवशी साखराबाईनं दुपारची भाकरी खाल्ली, सावलीच्या कोपऱ्यात पाण्याचा हबका मारला, आणि दाराला आतून कडी घातली. दिवसाढवळ्या आपल्या घराला कडी घालायची तिची आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती, आणि ती कडी गंजल्यामुळं लवकर लागेना.